दुसऱ्या भागातल्या चौदा उणिवा

मी पोटासाठी वाचते. लोक हौसेने वाचतात, अंथरुणात लोळत वाचतात, तसं नाही. प्रकाशकाकडे जे हस्तलिखित येतं ते आधी माझ्या टेबलावर आदळतं. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि मग एक छापील कागद भरते. डावीकडे 'बळ', उजवीकडे 'उणिवा', तळाला 'शेरा'. बावीस वर्षं हेच चाललंय. आता कुणी साधी प्रवासातली गंमत सांगायला लागलं तरी माझ्या डोक्यात आपोआप दोन रकाने पडतात. ताई म्हणते, तुझ्याशी बोलायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मग नका बसू! मी काय आमंत्रण धाडलं होतं?

माझी खोली म्हणजे गोदामाचा कापून काढलेला कोपरा. खिडकी नाही. तीन बाजूंना न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे पार छतापर्यंत, चौथ्या बाजूला दार. दिवसभर ट्यूबलाइट आणि डिंकाचा वास. पंखा लावला की पानं उडतात, बंद केला की जीव जातो. म्हणून पंखा एकवर आणि प्रत्येक गठ्ठ्यावर लोखंडी वजन, अशी माझी व्यवस्था आहे.

तर त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत माझी भाची तिथे आली. ताईची मुलगी, वय वर्षं एकोणीस. लहानपणी अखंड केकाटायची म्हणून मीच तिला टिटवी म्हणायला लागले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आत आली, दार लावलं, आणि पिशवीतून जाडजूड गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

"दुसरा भाग?" मी म्हटलं.

"हो. मावशी, हा वाईट आहे."

"सगळे लेखक असंच म्हणतात."

"नाही गं. मी मुद्दाम वाईट लिहिलाय."

थांबा, आधीचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरीचं डोकं फिरलंय. टिटवीने सतराव्या वर्षी एक ड्रॅगनची गोष्ट लिहिली होती. वीटभट्टीवर राबणारी एक मुलगी, तिने दगड समजून भट्टीत टाकलेलं अंडं, आणि त्यातून बाहेर पडलेलं, निखारे खाऊन वाढणारं पिल्लू. मी वाचलं आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. मीच ते उचललं आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. कुणी सांगितलं होतं मला? कुणीही नाही. माझाच उत्साह उतू चालला होता.

पुस्तक धो धो खपलं. मालकांनी लगेच पाच भागांचा करार पुढे केला. दर आठ महिन्यांनी एक भाग, शिवाय शाळाशाळांतून कार्यक्रम. टिटवी अजून अठराची झाली नव्हती, म्हणून सही केली तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या भाऊजींनी. भाऊजींनी आयुष्यात वाचून सही केलेला कागद मला अजून बघायचाय. त्यांनी गाडीच्या मागच्या काचेवर पुस्तकाचं मुखपृष्ठ चिकटवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत सुटले.

कार्यक्रमात टिटवीला पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधून उभं राहावं लागायचं. मालकांची कल्पना! एका शाळेत ती घाईने वर्गात शिरायला गेली आणि दोन्ही पंख दाराच्या चौकटीत अडकले. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. पोरं टाळ्या पिटत होती, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच. ताईने हे मला हसून हसून सांगितलं होतं, आणि मीही हसले होते.

"मला मोजणीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय," टिटवी म्हणाली. आवाज अगदी खाली. तिने पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक पत्र काढलं. घड्या पडून पडून मऊ झालं होतं. "जमिनीची मोजणी. दोन वर्षं तिथेच राहायचं. सकाळी उठून तीन पायांवरची दुर्बीण खांद्यावर टाकायची आणि डोंगर, नाले, बांध मोजत फिरायचं. नकाशे करायचे. एक तारखेला हजर व्हायचंय. नाही झालं तर जागा दुसऱ्याला."

"आणि ड्रॅगन?"

"मावशी, मला आता त्याचं नाव काढलं तरी श्वास कोंडतो. अजून तीन भाग. म्हणजे अजून दोन वर्षं, कार्यक्रम धरून त्याहून जास्त. आणि पाचवा झाला की मालक सहावा मागतील, तुला माहितेय."

मला माहीत होतं.

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, ड्रॅगन सोडून माती मोजायला जाणार? लोक तोंडात शेण घालतील."

"आणि आई?"

"आई म्हणते, बाबांना विचार."

ताई ती! तिच्याकडून वेगळं काय येणार. करार मोडायचा तर वकील, कोर्ट आणि भाऊजी, तिन्ही पोरीच्या आवाक्याबाहेरचे. पण टिटवीने एक काम केलं होतं, जे त्या घरात कुणी केलं नव्हतं. तिने करार वाचला होता. अकरावं कलम तिने मला बोट ठेवून दाखवलं. प्रकाशनसंस्थेच्या वाचकाने हस्तलिखित दुरुस्तीपलीकडचं ठरवलं तर करार दोन्ही बाजूंनी संपुष्टात येईल.

"वाचक म्हणजे तू," ती म्हणाली.

मी पत्र परत तिच्या हातात दिलं. माझी जीभ तिखट आहे हे मला लोकांनी सांगायला नको, ओठांवर आलंही होतं की, अगं भवाने, बावीस वर्षांत मी एक ओळ खोटी लिहिलेली नाही. पण तिच्या डोळ्यांखाली एवढाली काळी वर्तुळं. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या! तिला या फंदात पाडलं कुणी? मीच ना?

"किती वाईट लिहिलंयस?" मी विचारलं.

"एकदम टुकार. दोन राजपुत्र आहेत, दोघंही तिच्या प्रेमात आणि दोघंही एकसारखंच बोलतात. पहिल्या भागात मेलेला मुकादम चौथ्या प्रकरणात हिंडतोय, कुणी काही विचारत नाही. युद्ध अर्ध्या पानात संपतं. आणि..." तिने दाराकडे बघितलं. "नद्या चढावर वाहवल्यात. सगळ्या दिशा चुकवल्यात. ते लिहिताना मला ढवळून आलं गं."

मला हसू आलं आणि तिलाही आलं. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना बघितलं मी.

"जा," मी म्हटलं. "सोडवते तुला. एक तारखेच्या आत तू तिथे असशील. हा माझा शब्द."

तिने मला घट्ट मिठी मारली. एवढी मोठी झाली तरी मिठी मारताना डोकं माझ्या खांद्यात खुपसते.

तीन दिवस मी तो गठ्ठा वाचला. वाईट होता, यात वाद नाही. पोरीने मन लावून वाईट लिहिलं होतं. एक म्हातारा जादूगार कुठूनसा उगवतो आणि चाळीस पानं भविष्यवाणी सांगतो, त्यातली एकही पुढे खरी होत नाही. नायिका पहिल्या भागात चुणचुणीत होती, इथे ऊठसूट बेशुद्ध पडते. मी प्रत्येक पानाला पेन्सिलने खूण करत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, शाब्बास टिटवे, असंच.

आणि मग गुहा आली.

दुसऱ्या भागाच्या मधोमध, एकशे दहाव्या पानावर, ड्रॅगन थंडीत निजायला एका गुहेत शिरतो. झोपेत तो वाढतो. वसंतात जागा होतो तेव्हा गुहेचं तोंड त्याला पुरत नाही. डोकं बाहेर येतं, खांदे येत नाहीत. नायिका रोज त्याच्याकडे निखारे घेऊन जाते. त्याने बाहेरची हवा हुंगून खुळं होऊ नये म्हणून ती गुहेच्या तोंडाशी ओलं गवत रचते आणि त्याला सांगते, बाहेर अजून बर्फच आहे, घाई नको करूस. तो विचारतो, अजून? ती म्हणते, अजून. त्याला सगळं कळलेलं असतं. पण तिला वाईट वाटू नये म्हणून तोही रोज विचारतो, अजून?

साठ पानं. त्यात राजपुत्र नाही, जादूगार नाही, कुणी बेशुद्ध पडत नाही. साठ पानांत काहीही घडत नाही आणि मला ते खाली ठेवता येईना. चहा आणून ठेवलेला निवून त्यावर साय धरली. वाचता वाचता मी रडले. आमच्या खोलीत रडायची सोय नाही, नाक शिंकरलं तरी पलीकडे पुस्तकं बांधत बसलेल्या बाईंडरला ऐकू जातं, म्हणून पदर तोंडात धरून रडले.

शनिवारी दुपारी कार्यालय रिकामं झालं. मी दार लावून घेतलं आणि कागद पुढे ओढला.

उणिवांचा रकाना मी असा भरला की बास. एकूण चौदा उणिवा काढल्या, एकही नाहक नाही. आता माझी एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. नुसती उणीव मी कधीच लिहीत नाही. नवखी होते तेव्हा एका लेखकाने मला सुनावलं होतं, की खोट काढायला काय जातंय, नीट कसं करायचं ते सांगा की. मला ते झोंबलं. तेव्हापासून उणीव लिहिली की तिच्याखाली 'उपाय' लिहायचा, हा माझा शिरस्ता. पुढे जे जे नवे वाचक आले त्यांनाही मी हेच शिकवलं. उपाय न सांगता उणीव सांगायची म्हणजे नुसती कुरकुर, असं मी त्यांना दटावायची.

त्यामुळे हात चालत राहिला. दोन राजपुत्र एकाच सुरात बोलतात. उपाय: एकाला बोबडा किंवा अबोल करावा, किंवा दोघांचा एक करावा. मेलेला मुकादम परत येतो. उपाय: तो त्याचा जुळा भाऊ असल्याचं तिसऱ्या प्रकरणात सुचवावं, त्यातून सूडाचा धागाही मिळेल. नद्या उलट वाहतात. उपाय: पर्वत पूर्वेऐवजी पश्चिमेला धरावा, सतरा ठिकाणी शब्द बदलले की काम होतं. त्या सतरा ठिकाणांचे पानक्रमांकही मी दिले. सूडाचा धागा सुचला तेव्हा तर मी स्वतःवरच खूश झाले. सांगते ना, त्या क्षणी मी टिटवीला पार विसरले होते. पुढ्यात मोडकं पुस्तक होतं आणि माझ्या हाताला खाज सुटली होती.

डावा रकाना कोरा ठेवायचा, असं ठरवलं होतं. अर्धा तास तसाच ठेवलाही. मग म्हटलं, साठ पानं इतकी चांगली आणि त्यावर एक शब्द नाही? एवढी कृतघ्न मी होऊ शकले नाही. चार ओळी लिहिल्या. 'गुहेची साठ पानं या लेखिकेने आजवर लिहिलेल्यांत सर्वोत्तम आहेत. यांना हात लावू नये.'

आणि तळाला, शेऱ्यात, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'हस्तलिखित दुरुस्तीपलीकडचं आहे.' सही केली, तारीख घातली, आणि कागद मालकांच्या टेबलावर ठेवून घरी गेले. मला वाटलं, झालं, पोर सुटली. त्या दिवशी मी घरी चक्क गुणगुणत होते.

सोमवारी मालकांनी बोलावलं. मालक म्हणजे गोड माणूस. कधी आवाज चढवत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडता येत नाही. त्यांच्यासमोर माझा कागद होता, आणि ते हसत होते.

"बाई, कमाल केलीत! बसा, बसा."

मी उभीच राहिले.

"हा अहवाल म्हणजे सोनं आहे. मला धाकधूक होती, दुसरे भाग पडतात हो. पण तुम्ही एकेक खिळा कुठे ठोकायचा ते सांगितलंय. हा जुळा भाऊ तर काय सुचलाय तुम्हाला!"

"शेरा वाचलात का?" मी म्हटलं.

"वाचला ना. तेवढं मात्र मला कळलं नाही." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "इकडे चौदा उणिवा, चौदा उपाय. पानक्रमांकांसकट. आणि खाली म्हणता दुरुस्तीपलीकडचं. चौदाच्या चौदा दुरुस्त्या तुम्हीच लिहून दिल्यात की, बाई! मग पलीकडचं काय उरलं?"

मी कागदाकडे बघितलं. माझंच वळणदार अक्षर, उपाय, उपाय, उपाय, एकाखाली एक. टिटवीच्या प्रत्येक पळवाटेवर मी स्वतःच्या हाताने खिळा मारला होता, आणि वर तो नीट बसलाय का तेही ठोकून बघितलं होतं.

"मी दुसरा लिहून देते," मी म्हटलं. "हा घाईत झाला."

"कशाला? हा वकिलांकडे पाठवला मी, एक प्रत. कलम अकराचा प्रश्न नको म्हणून. ते म्हणाले, दुरुस्त होणारं आहे हे तर वाचकानेच सिद्ध केलंय."

"मालक, ती माझी भाची आहे. मी निःपक्षपाती नव्हते. हा अहवाल धरू नका."

"माहितेय की, भाची आहे ती. पहिला भाग तुम्हीच नाही का आणून दिलात? तेव्हाही भाचीच होती."

शेवटी मी म्हटलं, "मी यात खोटं लिहिलंय."

मालकांनी पेन पुढे केलं. "कुठलं खोटं, खूण करा. चौदांपैकी कुठली उणीव खोटी आहे? कुठला उपाय चालणार नाही?"

मी पेन हातात घेतलं. पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत गेले. देवाशपथ सांगते, एकही खोटी नव्हती. सगळे उपाय चालणारे होते. मी पेन खाली ठेवलं.

"तीन आठवडे आहेत," मालक म्हणाले. "मुलीला तुमच्याच खोलीत बसवा. तुमच्या नजरेखाली होऊन जाईल. तिच्या बाबांशी बोललोय मी, ते रोज सोडायला आणायला येतील. आणि हो, ही गुहा. हे तेवढं चार पानांत आटपा."

"ते एकच तर चांगलं आहे त्यात!" मी जवळजवळ ओरडलेच. "मी लिहिलंय तिथे, हात लावू नये म्हणून!"

"वाचलं मी. असेल चांगलं. पण मुखपृष्ठ छापून झालंय, बाई. त्यावर तो उडतोय. पोरं पुस्तक उघडणार आणि हा साठ पानं भोकात अडकून बसलेला? चालेल का?"

मुखपृष्ठ आमच्याकडे नेहमीच आधी छापतात. पुस्तकाने त्याच्या मापात बसायचं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी टिटवीला गोदामाच्या दारापर्यंत सोडून गेले. जाताना मला हात जोडून म्हणाले, "तुमच्यामुळे पोरीचं नीट होतंय हो सगळं." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या खोलीत दुसरं टेबल मावत नव्हतं, म्हणून गठ्ठ्यांवर फळी टाकून तिला जागा केली होती. ती बसली की दार पुरतं उघडत नसे.

मी कागद तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, मी सांगण्यापेक्षा तिनेच वाचावा. भित्री आहे मी, दुसरं काय.

तिने आधी डावा रकाना वाचला. तिचा चेहरा उजळला. "गुहा खरंच आवडली तुला?"

"हो."

"तेवढं वाईट लिहायला मला जमलंच नाही गं. खूप प्रयत्न केला. लिहायला बसले की ते आपोआप..." मग तिची नजर उजवीकडे गेली. ती एकेक ओळ वाचत गेली, बोट खाली सरकत गेलं. नद्यांच्या उपायापाशी तिचं बोट थांबलं. सतरा पानक्रमांक.

"तू उपाय का लिहिलेस?" तिने विचारलं.

"सवयीने," मी म्हटलं. "टिटवे, मला मार, पण खरंच सवयीने."

ती रडली नाही, ओरडली नाही. लहानपणी खाऊ मिळाला नाही तर अख्खी गल्ली डोक्यावर घेणारी पोर ती. तिने फक्त विचारलं, पेन्सिल कुठाय.

आणि मग ती लिहायला लागली. दोन राजपुत्रांचा एक झाला. मुकादमाला जुळा भाऊ मिळाला. पर्वत पश्चिमेला गेला आणि नद्या सरळ वाहू लागल्या. हात तिचा चांगलाच होता, त्यामुळे सगळं भराभर जमत गेलं. मी समोर बसून पानं तपासायची. मला वाटायचं, एखादं तरी पान तिने बिघडवावं, काहीतरी अडावं, म्हणजे मी धावत मालकांकडे जाईन. काही अडलं नाही. गुहेची पानं तिने स्वतःच काढली, साठच्या साठ, आणि चार नवी लिहिली. त्यात ड्रॅगन धडक मारतो, दगड फुटतात, आणि तो आकाशात झेपावतो. जुनी साठ पानं तिने फळीखाली सरकवली. मी घरी नेऊ का विचारलं तर म्हणाली, राहू दे, काय करायचीत.

एक तारीख आली. मी सकाळपासून तिच्याकडे चोरून बघत होते. तिने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. दुपारी डबा खाताना मी धीर करून म्हटलं, "पत्र लिहून बघूया का त्यांना? पुढच्या वर्षीसाठी?"

"पुढच्या वर्षी तिसरा भाग आहे," ती म्हणाली, आणि माझ्या डब्यातली कोबीची भाजी वाढून घेतली.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रत तयार झाली. दुरुस्त प्रतीचाही अहवाल द्यावा लागतो, तसा आमचा नियम आहे. ती समोर बसलेली असताना मी नवा कागद ओढला. उजवा रकाना भरायला घेतला आणि लिहायला काही नव्हतं. प्रामाणिकपणे शोधलं. एकही उणीव नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तो रकाना कोरा सोडला. मग डावीकडे वळले, पेन टेकवलं, आणि तिथेही लिहायला काही नव्हतं. पंखा गरगरत होता. शेवटी 'ओघ चांगला, भाषा सोपी' असं लिहिलं आणि हाताने झाकलं.

"मावशी," टिटवी म्हणाली. ती फळीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होती. "खरं सांग. चांगलं झालंय?"

तिच्या बोटांना शाईचे डाग होते. तीन आठवड्यांत ती किती वाळली होती. मला वाटलं, एवढं सगळं गेलं पोरीचं, निदान एवढं तरी तिला मिळू दे.

"छान झालंय गं," मी म्हटलं. "पहिल्या भागापेक्षाही छान झालंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली नाही, हसलेसुद्धा.

"म्हणजे तुला येतं," ती म्हणाली.

"काय येतं?"

"खोटं बोलायला. किती सहज बोललीस. मग तेव्हा का नाही बोललीस गं, मावशी? एवढंसंच लागत होतं. मी सुटले असते."

ती चिडून बोलली असती तर मी उलट चार शब्द ऐकवले असते, माझा स्वभावच आहे तो. पण ती अगदी साधं विचारत होती, तिला खरंच उत्तर हवं होतं. बाहेर भाऊजींनी गाडीचा हॉर्न वाजवला. मी कागदावरचा हात आणखी घट्ट दाबला. कुठल्या तोंडाने बोलणार होते?